स्लॅबखालचा दाखला

स्लॅब उघडायच्या दिवशी घरातलं सगळ्यांत लहान पोर त्याच्याखाली बसवायचं, ही साळोख्यांच्या घरातली रीत पद्मजाला लग्न ठरताना कुणी सांगितली नव्हती. तिच्या वडिलांनी जयसिंगपुरात पानसुपारीला बसून बाकी सगळं विचारून घेतलं होतं. मुलगा किती शिकलाय, घरात नळ आहे का, तंबाखूची सवय आहे का. या घरात तान्ही मुलं कुठल्या कामाला लावतात, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

तिला कळलं ते रविवारी सकाळी, सासूबाई बाळीला न्हाऊ घालत होत्या तेव्हा. तानाबाईंनी नातीला खसखसून पुसलं, गालावर तीट लावली आणि ट्रंकेतलं जरीचं झबलं बाहेर काढलं.

"आत्या, हे कशाला? आज मटण आहे, सगळा रस्सा अंगावर घेईल. जुनंच घाला."

"जुनं कसं? स्लॅबखाली बसायचं हाय न्हवं तिला," तानाबाई म्हणाल्या. देवळात जायचंय म्हणावं, तितक्याच सहज.

रीत तशी फार पुरातन नव्हती, पद्मजाच्या नवऱ्याच्या, जोतीरामच्या, वयाची होती. आकारामअण्णांनी, म्हणजे पद्मजाच्या आजेसासऱ्यांनी, एका वकिलाच्या बंगल्यावर आयुष्यातला पहिला स्लॅब टाकला, तेव्हा त्या वकिलानं विचारलं होतं, हा पडणार नाही कशावरून? अण्णांकडं ना डिप्लोमा, ना शिक्का, ना कुणा साहेबाची चिठ्ठी. त्यांनी नुकत्या बसू लागलेल्या नातवाला मागवून घेतलं, पोतं अंथरून स्लॅबखालच्या लाकडी टेकवांच्या मधोमध ठेवलं, टेकू काढायला लावले आणि म्हणाले, "ह्यो दाखला." वकील गप्प झाला. पुढं लाइन बाजारापासून ताराबाई पार्कापर्यंत साळोख्यांची कामं वाढली ती त्या दाखल्यावर. असा जोतीराम हा त्या घराण्यातला पहिला प्रमाणित माल. आजही छताखाली शिरताना तो मान किंचित खाली घालतो. त्याच्या सासरी हे नम्रतेचं लक्षण समजतात.

आणि आता राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या अंगाला नवी खोली वाढली होती. जोतीराम, पद्मजा आणि बाळी यांची खोली. स्लॅब टाकून झाला होता, खाली अजून टेकवांचं रान उभं होतं, आणि दुपारी जेवणाआधी ते काढायचं होतं. आपल्याच घराचं काम आणि आपलंच पोर. मुलगी असली तरी चालेल, असं सासऱ्यांनी, गणपतरावांनी, मोठ्या मनानं सांगून टाकलं होतं. मुलगा-मुलगी हा भेद त्या घरात निदान स्लॅबखाली तरी नव्हता.

पद्मजानं नवऱ्याला न्हाणीच्या दाराशी गाठलं. "अहो, तुम्ही मामांशी बोला."

"काय बोलू? मला बी बसवलतं की. काय झालं मला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं इतकं त्यांचं लग्न अजून जुनं झालं नव्हतं.

"हे बघ," जोतीराम आवाज उतरवून म्हणाला, "आज दाजी येणार हाईत. आबांना त्यांच्यासमोर दाखवायचंय. मधी पडू नको."

दाजी म्हणजे जोतीरामच्या बहिणीचे, शालूबाईचे यजमान, बाळासो. एका प्रशिक्षण संस्थेत निदेशक होते. खिशाला दोन पेनं, काखेत कायम एक फाईल, आणि बोलणं असं की वाटावं वाक्याखाली गोल शिक्का उमटतोय. गेले काही महिने ते सासऱ्याच्या मागं लागले होते, तुमच्या गवंड्यांना ट्रेड टेस्टला बसवा म्हणून. गणपतरावांच्या मते या जावयानं त्यांच्या लेकीला सुखात ठेवलं होतं, एवढी एक गोष्ट सोडली तर त्याचा जगाला काही उपयोग नव्हता.

ते आले ते शालूबाई, धाकटा पोरगा आणि फाईल यांच्यासह. बाळासोंना चहा येईपर्यंतसुद्धा दम निघाला नाही.

"मामा, गुंडूच्या फॉर्मचं काय केलंत? उद्या शेवटची तारीख आहे."

मागं नव्या खोलीत गुंडू कडेच्या फळ्या उपसत होता. नाव ऐकून त्याच्या पहारेचा आवाज थांबला. नेसरीकडचा माणूस, चौदा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन एका हंगामापुरता आलेला. तो हंगाम अजून चालू होता. सलग नोकरी दिसू नये म्हणून गणपतराव त्याला मधून मधून दोन दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा नवीन माणूस म्हणून कामावर घ्यायचे. त्यामुळं चौदा वर्षांत गुंडू इतक्या वेळा नवा लागला होता की दुसरा कुणी असता तर लाजून गेला असता. मस्टरवर तो बिगारी होता. साइटवर मात्र गणपतराव लांबूनच ओरडायचे, "गुंडूला इचारल्याबिगर इटंला हात लावू नगा."

"पावणं, कशाला त्या गरिबाला नादाला लावताय?" गणपतराव बशीत चहा ओतत म्हणाले. "कागद मिळाला की हात चालायचा थांबतोय. तुमच्याच शाळंतला एक पोरगा ठेवलावता मी. ओळंबा सोडायच्या आधी कानावरची पेन्सिल काढायचा. त्याची भित गुडघ्याला येस्तवर शेजारच्या प्लॉटात वास्तुशांत झाली."

"अहो पण शासनाचं धोरणच आहे. प्रत्येक कारागिराचं कौशल्य प्रमाणित झालं पाहिजे. वारणेच्या बाजूला वसाहतीचं काम निघालंय, तिथं परीक्षा पास झालेलेच गवंडी घेणार, आणि ते पण कायम. गुंडूला फक्त तुमचं अनुभवाचं पत्र पाहिजे. तो गवंडी म्हणून इतकी वर्षं तुमच्याकडं आहे, एवढंच."

"आनि मग?"

"मग काय, तो पास होईल."

"पास हुईल आनि वारणंला जाईल. मी काय करू? तुमचं धोरण थापी घिऊन येतंय व्हय माझ्या साइटवर?"

हे मात्र ते पहिल्यांदाच खरं बोलले. पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात कांदा चिरत उभी होती, तिनं ते नीट ऐकून ठेवलं. तर्कशास्त्र घेऊन ती बी.ए. झाली होती. लग्नानंतर त्या विषयाशी तिचा संबंध उरला नव्हता. सासरी कुठलंही वाक्य दुसऱ्या वाक्यावर अवलंबून नसायचं.

अंगणात नळाशी विठाबाई घमेली धूत होती. गुंडूची बायको. तिला परीक्षेचं काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ती आपणहून सांगत होती.

"आदी तर मीच हासलो बघा, वैनी. परीक्षा म्हंजे भित बांदायची, सायबानं बगायची, आनि मग पाडून टाकायची म्हनं. म्हटलं, पाडाय एवढं शिकून यायला लागतंय व्हय? आमच्या भावकीत फुकट पाडत्यात. बाकीचं गवंडी बी ह्यास्नी मास्तर म्हनून चिडवाय लागल्यात. तंबाखूला चुना मागितला तर म्हनत्यात, अर्ज करा मास्तर."

"मग आता का पाहिजे?"

विठाबाईनं घमेलं पालथं घातलं. "वसाहतीत खोली देत्यात. दार असल्याली." जरा थांबून म्हणाली, "आमी आजवर लई बंगल्यांत राह्यलो, वैनी. काम चालू असंस्तवर. दारं बसली की आमी भाईर. आतनं कडी लावून झोपायचं कसं असतंय, माझ्या पोरीस्नी ठावं न्हाय."

पद्मजा ज्या खोलीत दार बसलं की कडी लावून झोपणार होती, तिथं विठाबाईची गोधडी अजून कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली होती.

मटण शिजत आलं, तसे शेजारपाजारचे चार जण कुंपणाशी जमले. साळोख्यांचा स्लॅब उघडणार म्हटल्यावर गल्लीला ती फुकटची करमणूक होती. गणपतराव फेटा नको, टोपीच बरी, असं ठरवून बाहेर आले. पोतं अंथरलं, नारळ फोडला, आणि नव्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी हाक दिली, "आणा पोरीला! पावणं, तुमचं कागदं आत ठिवा जरा. साळोख्याचा दाखला बघा आता."

पद्मजा बाळीला कडेवर घेऊन आली. बाळीनं झबल्याची जर तोंडात कोंबली होती. आपला आवाज फुटेल की नाही याचीच पद्मजाला शंका होती. तो फुटला, आणि अगदी साध्या चौकशीसारखा फुटला.

"मामा, एक विचारू? हा स्लॅब कुणी टाकला?"

"कुणी म्हंजे? गुंडूनं."

"चांगला टाकलाय ना?"

"चांगला?" गणपतराव कुंपणाकडं वळले. श्रोते मिळाले की ते कुणालाही नाही म्हणत नसत. "अगं, असा हात अख्ख्या कोल्हापुरात न्हाय! चौदा वरसं माझ्याजवळ हाय, एक तडा दाखवा. एक! इंजिनेर नकाशा उलटा धरतोय, तवा ह्यो सरळ करून देतोय. गवंडी न्हाय त्यो, गवंड्याचा बाप हाय!"

"मग मामा, हेच लिहून द्या की त्याला."

कुंपणाशी कुणीतरी खोकलं. बाळासोंनी फाईल काखेतून हातात घेतली.

"त्येचा काय संबंध?" गणपतरावांचा आवाज एकदम घरगुती झाला. "ते लिवायचं येगळं. मस्टरवर त्यो बिगारी हाय."

"म्हणजे स्लॅब बिगाऱ्यानं टाकलाय?"

"कागदावर, गं."

"मग कागदावर बाळी इथं माझ्या कडेवरच राहील. बिगाऱ्यानं टाकलेल्या स्लॅबखाली मी माझी मुलगी बसवत नाही. तो गवंडी असेल तर तसं लिहा, मग बघू."

साळोख्यांच्या अंगणात इतकं सरळ वाक्य बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांत आधी सावरली ती शालूबाई. "बघा की आबा! ह्यासाठी शिकल्याली सून आणली तुमी. आमी न्हाय कधी उलटून बोललो. रीत ती रीत. घरच्या मानसावर इस्वास न्हाय म्हंजे काय?"

"बरं बोललीस लेकी," गणपतराव खुलले. "तुझं धाकटं कुठाय? त्योच बसंल मामाच्या खोलीत."

"त्येला ताप हाय," शालूबाई म्हणाली.

ताप असलेला धाकटा त्या घडीला कोंबडीमागं अंगणाला दुसरी फेरी मारत होता. शालूबाईनं त्याला पळता पळता पकडलं, कपाळाला हात लावला, "भट्टी नुसती," म्हणाली आणि उचलून आत घेऊन गेली. रीतीबद्दलचं तिचं मत तिच्याबरोबरच आत गेलं.

"वेडी झालीत का समदी?" गणपतराव तडकले. "दे गं ती पोरगी इकडं!" ते दोन पावलं पुढं आले. पद्मजा मागं सरली, पाठीला भिंत लागली. तिनं जोतीरामकडं बघितलं. जोतीराम टेकू मोजत असल्यासारखा खोलीत बघत होता.

तेवढ्यात मधे तानाबाई आल्या. पदराला हात पुसत, सावकाश. पद्मजाला वाटलं, संपलं. सासूबाईंनी हात पुढं केले आणि बाळीला तिच्याकडून काढून घेतलं.

"हां, तू घेतीस ते बरं," गणपतराव म्हणाले. "ठिव तिथं मदी."

तानाबाई बाळीला खांद्यावर टाकून फाटकाकडं चालू लागल्या.

"अगं, कुठं निघालीस?"

"समोरच्या कट्ट्यावर. ऊन दाखवाय." फाटकाशी त्या वळल्या. "जोतीरामाला तुमच्या बापानं माझ्या मांडीवरनं उचलून नेलतं. मला कुनी इचारलं न्हवतं. आज ही इचारती, तर उत्तर द्या की तिला." आणि त्या रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन बसल्या. आपल्या माणसाशी त्या एवढं लांबलचक एका दमात बोलल्या, याचं गल्लीला स्लॅबपेक्षा जास्त कौतुक वाटलं.

आता पोतं रिकामं, नारळ फुटलेला, आणि कुंपणाशी माणसं वाढलेली. गणपतरावांनी टोपी काढली, घातली.

"बायका भित्र्या निघाल्या म्हणून रीत मोडत न्हाय. खुर्ची आणा. मीच बसतो!"

एक सही द्यायला नको म्हणून माणूस काय काय पणाला लावतो, हे पद्मजा बघत राहिली. घरातली लाकडी खुर्ची आली. गणपतराव टेकवांमधून वाट काढत खोलीच्या मधोमध जाऊन बसले, गुडघ्यावर हात ठेवून, फोटोला बसतात तसे.

"काढ रं गुंडू!"

गुंडूनं हातोडा घेतला. कडेपासून सुरुवात केली. पाचर निघायची, टेकू सैल व्हायचा, विठाबाई तो धरून आडवा करायची. खोली हळूहळू मोकळी होत गेली. दर टेकवागणिक गणपतराव कुंपणाकडं बघून हसत होते, आणि दर टेकवागणिक ते हसू थोडं लहान होत होतं. शेवटी मधला, जाड, खुर्चीला खेटून उभा असलेला एकच टेकू राहिला. गुंडूनं हातोडा खाली ठेवला.

"का रं?"

"शेवटचा हाय, मालक."

"मग काढ की."

"बिगाऱ्यानं शेवटच्या टेकवाला हात लावायचा न्हाय. तुमचाच नेम हाय. मागं उद्यमनगरात एकानं लावला, तर तुमी कानफटात दिलीवती त्येच्या. म्हनलावता, ह्यो गवंड्याचा मान हाय."

"अरं, तू गवंडीच हाईस की लेका!"

"मस्टरवर न्हाय, मालक," गुंडू अगदी अदबीनं म्हणाला. "चार मानसांत रीत मोडली तर तुमालाच नावं ठेवतील."

गणपतरावांनी मान न हलवता डोळे फिरवले. "पावणं, तुमी परीक्षा पास हाय न्हवं? या."

बाळासोंनी चष्मा सारखा केला. "मामा, मी प्रथम श्रेणीत आहे. पण माझ्याकडं सिद्धांताचे तास असतात. प्रात्यक्षिकाला वेगळे निदेशक आहेत, ते सध्या रजेवर आहेत."

"जोतीराम!"

जोतीरामनं पद्मजाकडं बघितलं, मग समोरच्या कट्ट्याकडं. "मी न्हाय काढणार, आबा," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण मान ताठ होती. "ज्यानं घातलाय त्यानं काढावा. आनि त्येला जे म्हणायचं ते म्हणून टाका एकदा."

खुर्चीवरून उठायला कुणी मनाई केली नव्हती. पण उठायचं म्हणजे कुंपणाशी उभ्या असलेल्या गल्लीसमोर उठायचं. राजारामपुरीत अजून कैक प्लॉट रिकामे होते आणि त्यांतल्या दोन प्लॉटांचे मालक कुंपणाशी होते. गणपतराव तिथंच बसून राहिले. आत मटणाची चव उतरत चालली होती.

"लिही बाई," ते शेवटी म्हणाले. "तुझं अक्षर चांगलं हाय म्हणत्यात."

बाळासोंच्या फाईलमधून फॉर्म इतक्या चपळाईनं निघाला की प्रात्यक्षिकाला एवढी चपळाई असती तर वेगळीच गोष्ट झाली असती. पद्मजानं दारात उभं राहून, फाईल हातावर धरून लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "सदर इसम माझ्याकडं चौदा वर्षं सलग गवंडी म्हणून काम करीत असून..."

"सलग नगं! सलग खोड."

"खाडाखोड केली तर फॉर्म रद्द होतो," बाळासो म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे एकमेव उपयोगी वाक्य.

पद्मजा फॉर्म घेऊन चौकटीपर्यंत गेली आणि थांबली. तिनं आत पाऊल टाकलं नाही. हात लांब करून फाईल दिली. गणपतरावांनी ती गुडघ्यावर घेतली, वर एकदा बघितलं, एकट्या टेकवाकडं बघितलं, आणि सही केली. मोडी वळणाची, लांबलचक, शेवटी दोन टिंबं असलेली. ती फाईल विठाबाईनं घेतली, फॉर्म काढला, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि कुणाला काही न विचारता तो पोलक्यात ठेवला.

"झालं न्हवं सगळ्यांचं समाधान?" गणपतराव खुर्चीच्या हातांवर जोर देत म्हणाले. "चला, उठतो. गुडघं आखडलं बसून."

गुंडूनं हातोडा उचलला होता. तो तसाच थांबला.

"उठताय का, मालक? आतापतुर बिगाऱ्याच्या स्लॅबखाली बसला व्हतासा. आता तर सहीचा गवंडी हाय. बसा की."

कुंपण हसलं नाही. हसणं त्या वेळी फार महाग पडलं असतं. गणपतराव अर्धवट उठलेले, तसेच पुन्हा खाली टेकले. त्यांनी टोपी दोन्ही हातांनी घट्ट बसवली, आणि चौदा वर्षं नुसता हुकूम दिलेल्या माणसाकडं बघून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले,

"गुंडू, जरा बेतानं मार रं, बाबा."